एकाच काचेचा सिग्नल

थोरल्याने सिग्नल बदलले ते कुणालाही न विचारता. विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते, आणि मग आनंदाचा धक्का द्यायची सोय राहिली नसती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. तपासणीसाठी बाबा तिला घेऊन सकाळी आठला दवाखान्यात गेले, आणि ते परत येईपर्यंतच्या चार तासांत थोरल्याने माडीवरच्या लांब खोलीत बाबांनी मांडलेल्या छोट्या रेल्वेचे नऊच्या नऊ सिग्नल उपटून नवे बसवले. वायरिंग त्याने महिनाभर आधीपासून आपल्या घरी करून ठेवलं होतं. लिफ्टच्या कंपनीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस तो. ज्या वस्तूला बटण नाही आणि दिवा नाही ती त्याला अर्धवट वाटते.

जुने सिग्नल हाताचे होते. खांबावर एक पट्टी. ती आडवी असली की थांबायचं, खाली झुकली की निघायचं. बाबांनी त्या पट्ट्या पत्र्यातून स्वतः कापल्या होत्या. रंगीत दिव्यांची रेल्वे म्हणजे रेल्वे नव्हे, चौकातली वाहतूक, असं त्यांचं मत होतं, आणि घरात ते कायद्यासारखं चालत आलं होतं. नव्या सिग्नलांना हात नव्हता. खांबाच्या टोकाला वाटाण्याएवढी एकच काच, आणि त्या एकाच काचेतून कधी लाल दिसणार, कधी हिरवा.

जावई, म्हणजे दातांचे डॉक्टर, दीड वाजता बायकोसह पोचले तेव्हा नवे सिग्नल जुन्या चादरीखाली झाकलेले होते आणि थोरला जिन्यात उभा राहून सगळ्यांना वर जायला मनाई करत होता. डॉक्टरांना या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांनी शिक्षण विचारलं नाही, घरदार विचारलं नाही. हातात एक चिमटा दिला आणि रुळावरून घसरलेला डबा परत रुळावर ठेवायला सांगितलं. डॉक्टरांचा हात थरथरला नाही, एवढ्यावर मुलगी दिली. तेव्हापासून ते या रेल्वेचे अपघात-मदत प्रमुख होते. अपघात कधी झालाच नव्हता, त्यामुळे पद मोठं आणि काम काही नाही अशी चैन त्यांनी बावीस वर्षं केली.

पद सगळ्यांनाच होतं. बाबा कंट्रोलर, सगळ्या गाड्यांच्या वेगाच्या मुठी त्यांच्या पुढ्यात. खालच्या स्टेशनचा मास्तर थोरला. वरच्या स्टेशनची मास्तर त्याची बहीण, डॉक्टरांची बायको. शाळेत उपमुख्याध्यापिका, तीस वर्ग आणि बेचाळीस शिक्षक हिच्या वेळापत्रकावर चालतात, पण या घरात शिरली की पन्नाशीला आली तरी 'बेबी'. थोरल्याची बायको कोर्टात लघुलेखक. तिच्याकडे रजिस्टर असायचं, आणि कुठली गाडी कधी सुटली, कधी आली, हे ती कोर्टातल्याच निर्विकारपणे लिहायची. कुणी शिंकलं तर तेही लिहायची.

फक्त आईला पद नव्हतं. ती बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून विणकाम करायची. पद नव्हतं तरी नाव मात्र होतं: लाल सिग्नल. हे नाव बाबांच्या थोरल्या भावाने लग्नातच ठेवलेलं. त्यामागची गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की डॉक्टरांनाही ती स्वतःच्या लहानपणीची वाटायला लागली होती. बाबांना तरुणपणी खऱ्या रेल्वेत नोकरी मिळाली होती, इंजिनावर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. ठरलेली मुलगी म्हणाली, रेल्वे तरी करा नाहीतर मी तरी. बाबांनी रेल्वे सोडली आणि वजनमापांच्या खात्यात चिकटले. चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, आणि मनातली रेल्वे माडीवर पसरली.

बेबी लहानपणी ही गोष्ट ऐकून रडायची, बाबांसाठी. थोरला मोठेपणीही गोष्ट संपली की आईकडे बघून मान हलवायचा. आई म्हणायची, "हो रे बाबा, मीच ती," आणि पुढचा टाका घालायची. बाबांना नेमकं त्याच वेळी कुठल्यातरी इंजिनाला तेल घालायचं आठवायचं.

आज वार्षिक वेळापत्रकाचा दिवस होता. वर्षातून एकदा चोवीस तासांच्या सगळ्या गाड्या चार तासांत सोडायच्या. त्यासाठी बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाची चाकं बदलून त्याला सहापट पळायला शिकवलं होतं. दहा मिनिटांत त्याचा तास व्हायचा. घड्याळाशेजारी पाटी होती, 'अपघाताविना वर्षे', आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं एकोणतीस. आज संध्याकाळी तिथे तीस लिहायचं होतं.

दोनला पाच कमी असताना थोरल्याने चादर ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीनेसुद्धा वाजवल्या, आणि भावाने केलेल्या कुठल्याही गोष्टीला ती सहसा आधी शंका काढते. बाबा पुढे वाकून एका सिग्नलकडे पाहत राहिले.

"एकाच काचेत दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. वर एक, खाली एक अशी भानगडच नाही. जागा वाचते."

"वाचते खरी," बाबा म्हणाले. मग म्हणाले की आज गुडघा जरा दुखतोय, तर यंदा मुठी बेबीने धराव्यात. कुणी ऐकून घेतलं नाही. तिसावं वर्ष आणि कंट्रोलर सुट्टीवर, हे कसं दिसेल? बाबा खुर्चीत बसले. आई शेजारी बसली, ऑपरेशननंतरचा काळाभोर गॉगल लावून, विणकाम न घेता. घड्याळ सुरू झालं.

पहिले अडीच तास गाड्या अशा धावल्या की काय सांगावं. बाबांना वेळापत्रक पाठ होतं. त्यांनीच केलेलं, तीस वर्षं तेच. कुठल्या मिनिटाला कुठला सिग्नल मिळणार हे त्यांना सिग्नलच्या आधी ठाऊक. थोरला कौतुकाने बघत होता आणि प्रत्येक गाडीगणिक नव्या दिव्यांचे गुण सांगत होता. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा वाजून चाळीस मिनिटं झाली तेव्हा बेबीच्या स्टेशनात प्रवासी गाडीचा मागचा डबा सांध्यावरच घसरला. तिने नियमाप्रमाणे लगेच सिग्नल लाल केला आणि डॉक्टरांना खुणेने बोलावलं; बाबांच्या खुर्चीतून तो डबा स्टेशनच्या छपराआड होता. वेळापत्रकाप्रमाणे त्या क्षणी तो हिरवा असायला हवा होता, कारण मालगाडीची वेळ झाली होती.

डॉक्टर चिमटा घेऊन वाकले होते, म्हणून त्यांना बाबांचा चेहरा समोरून दिसला. बाबांनी सिग्नलकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईने काळ्या काचांतून सिग्नलकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही. परीक्षेत शेजारच्यानेही अभ्यास केलेला नसला म्हणजे मुलं जशी एकमेकांकडे बघतात तसे ते दोघं बघत होते. बाबांनी मूठ फिरवली.

मालगाडी लाल सिग्नल ओलांडून आली आणि उभ्या प्रवासी गाडीच्या पोटात शिरली. डॉक्टरांनी बोटं वेळेवर काढली. मालगाडीचं पितळी इंजिन, बाबांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी कानशीने घासून घासून हाताने बनवलेलं, टेबलाच्या कडेवरून खाली फरशीवर पडलं. त्याचं धुराडं लोळत कपाटाखाली गेलं.

सूनबाईच्या पेनाचा आवाज तेवढा आला. बाबा उठले, "मी पाहिला नाही," एवढं म्हणाले आणि खाली आपल्या खोलीत गेले. आई भिंत धरत त्यांच्या मागोमाग गेली. थोरल्याने घड्याळ बंद केलं.

एरवी भाऊबहिणीचं एका गाडीवर एकमत व्हायला घड्याळाचे तीन तास लागतात. आज दहा मिनिटांत झालं. बेबीनेच सुरुवात केली. म्हणाली, मी बोलणार नव्हते, पण गेले तीन आठवडे बाबा मला बरोबर वाटत नाहीत. परवा त्यांनी पिशवीभर टोमॅटो आणले, एक पिकलेला नाही. थोरल्याला लगेच मोजे आठवले: एका पायात एक, दुसऱ्यात भलताच, आणि तसेच दवाखान्यात गेले. सूनबाईने रजिस्टर मिटून तिसरा पुरावा दिला. मंगळवारी बाबा शेजाऱ्यांच्या गाडीला आपली किल्ली लावत उभे होते. तीच कंपनी, तेच मॉडेल, पण आपली गाडी मरून आणि त्यांची हिरवी. शेजारी खिडकीतून पाच मिनिटं बघत होते, त्यांनाच लाज वाटली.

"आणि आज समोर लाल दिवा असताना," थोरला म्हणाला आणि कपाळाला बोट लावलं. "हे डोळ्यांचं नाही. वर्षापूर्वीच नंबर काढलाय, सहाची ओळ वाचतात. हे इथलं आहे."

मग सगळं भराभर ठरलं. आजपासून कंट्रोलर बेबी. बाबांना 'सन्माननीय निरीक्षक' करायचं, बिल्लासुद्धा करायचा. गाडीची किल्ली काढून घ्यायची. आणि आता दोघांना इथे एकटं ठेवण्यात अर्थ नाही. इथे मात्र भाऊबहीण पुन्हा मूळ वळणावर गेले. थोरल्याच्या घरी लिफ्ट आहे, पण खोली एकच रिकामी. बेबीकडे खोल्या आहेत, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. शेवटी बेबीने वर्गांची वाटणी करावी तसा तोडगा काढला: बाबा दादाकडे, आई आपल्याकडे, आणि रविवारी भेट. थोरल्याने मान डोलावली. सूनबाई म्हणाली की बावन्न वर्षं एकत्र राहिलेत ते दोघं. तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं.

"तू सांगायचंस त्यांना," बेबी नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरने सांगितलं की त्यांना पटतं."

"अगं, मी दातांचा डॉक्टर."

"मेंदू दातांपासून किती लांब असतो?"

डॉक्टरांना यावर शास्त्रीय उत्तर सुचलं होतं, पण बावीस वर्षांचा संसार त्यांनी असली उत्तरं न देऊनच टिकवला होता. ते इंजिन आणि कपाटाखालून काढलेलं धुराडं घेऊन शेजारच्या बारक्या खोलीत गेले. झाळायचं सोल्डरिंग आयर्न तिथे होतं. बाबांचं रंगकामही तिथेच चालायचं. खिडकीखालच्या फळीवर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांतून रंग भरून ठेवलेले होते, पंधरावीस बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आईचं तिरकं अक्षर. या बाटल्या डॉक्टरांनी शेकडो वेळा पाहिल्या होत्या. धुराड्यासाठी काळा हवा म्हणून आज पहिल्यांदाच वाचल्या.

'गवत'. 'वाळलेलं गवत'. 'कौलं'. 'प्रवासी डबे'. 'इंजिन (पितळी सोडून)'. 'फाटकाचा दांडा'. 'झाडं, पण खोड नाही'. डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या पुन्हा एकदा वाचल्या. एकाही बाटलीवर रंगाचं नाव नव्हतं. तांबडा नाही, हिरवा नाही, काहीच नाही.

मग त्यांना लाल डोंगर आठवला. बोगद्यावरच्या त्या डोंगरावर विटकरी रंगाचं गवत होतं, आणि पाहुण्यांपैकी कुणी त्याबद्दल विचारलं की घरातले सगळे भांडायला उठायचे. ती कल्पनाशक्ती आहे, असं थोरला म्हणायचा. बेबीने तर त्यावर शाळेच्या अंकात लेख लिहिला होता, 'माझ्या वडिलांचा सूर्यास्त' नावाचा. तो डोंगर कधी रंगवला हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं, कारण ते त्यांच्या लग्नाचं वर्ष होतं. त्या वर्षी सासूबाई आजारी बहिणीकडे महिनाभर गेल्या होत्या. आणि आता तीन आठवडे त्यांचा डोळा पट्टीत नाहीतर गॉगलमागे. टोमॅटो, मोजे, गाडी आणि आजचा सिग्नल सगळं एका रुळावर आलं. डॉक्टर स्टुलावर बसले. आपण इतकी वर्षं माणसांच्या दातांच्या सोळा छटा जुळवतो आणि हे आपल्याला दिसू नये, याची त्यांना लाज वाटली.

"काळा खालच्या फळीवर आहे," मागून आवाज आला. दारात आई उभी होती. "धुराड्याचा वेगळा आहे. लिहिलंय त्यावर."

डॉक्टरांनी 'गवत'ची बाटली हातात धरली होती. ती त्यांनी खाली ठेवली, पण उशीर झाला होता.

"कळलं का?" आईने विचारलं आणि दार लोटून घेतलं.

"कधीपासून आहे हे?"

"जन्मापासून. आणखी कधीपासून असणार?" ती खिडकीपाशी येऊन बाटल्या सरळ रांगेत लावायला लागली. "रेल्वेचं पत्र खरंच आलं होतं हो. वैद्यकीय तपासणीला बोलावलं होतं. तिथे अंधाऱ्या खोलीत दोन दिवे दाखवले आणि विचारलं, वेगळा कुठला. हे म्हणाले, दोन्ही सारखेच. झालं. तिथून हे थेट आमच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत उभे राहून मला म्हणाले, तुझ्यासाठी रेल्वे सोडली."

"म्हणजे तुम्ही काही म्हणालाच नव्हतात? रेल्वे तरी नाहीतर मी तरी?"

"मला तर त्यांची रेल्वे आवडत होती. फुकट हिंडायला मिळालं असतं."

खरं तिला कळलं ते लग्नानंतर चौथ्या दिवशी. स्वेटरसाठी लोकर आणली होती. हिरवा गुंडा द्या म्हटलं तर त्यांनी तांबडा दिला. पुन्हा मागितला, पुन्हा तोच दिला. तिने तो घेतला आणि तांबडा स्वेटर विणला. डॉक्टरांनी विचारलं की तुम्हाला माहीत आहे हे बाबांना माहीत आहे का. आई म्हणाली की त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही. मी चिठ्ठ्या लावते, ते वाचतात. सकाळी मोज्यांच्या जोड्या बांधून ठेवते. बाजारात मी पुढे होते. बावन्न वर्षं कुणाचं काही अडलं नाही, मेला हा मोतीबिंदू आडवा आला.

डॉक्टर म्हणाले की आता सांगून टाकूया. पलीकडे काय चाललंय ते त्यांनी तिला सांगितलं: बिल्ला, किल्ली, दोन घरं आणि रविवारची भेट. आईने शेवटच्या दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. तिचा हात बाटलीवर थांबला.

"रविवारी भेट," ती म्हणाली. "मला माझ्या नवऱ्याची?"

"बेबीने ठरवलंय."

"तिला वेळापत्रकाशिवाय काही सुचतं का. तुम्ही तोंड उघडायचं नाही, डॉक्टर. दुसऱ्यांची उघडायला लावता, आपलं मिटून ठेवा. मी बघते काय ते."

साडेपाचला सगळे पुन्हा वर जमले. बाबांना बोलावून आणलं. ते आपल्या खुर्चीत बसले नाहीत, दाराजवळच्या पाहुण्यांच्या बाकावर बसले. सूनबाईने रजिस्टर उघडलं. थोरल्याने घसा साफ केला आणि कंपनीत निरोप समारंभाला बोलतात तसं बोलायला लागला: बाबांनी केलेल्या अमूल्य सेवेबद्दल, विश्रांतीबद्दल, नव्या पिढीच्या जबाबदारीबद्दल. बेबी खाली बघत होती. बाबा ऐकत होते. ते काही विचारत नव्हते, भांडत नव्हते, आणि डॉक्टरांना तेच बघवेना. काटा एका गुंजेने इकडेतिकडे झाला तरी दुकान बंद करणारा हा माणूस. आणि आता स्वतःला पारड्यात घातलं तरी तोंडातून शब्द नाही. पंच्याहत्तरी उलटलेलं वय, डोकं लख्ख शाबूत, आणि चूप बसल्यामुळे वेडा ठरायच्या बेतात आलेला.

"माझी चूक आहे," आई म्हणाली.

थोरला थांबला. आई उठून टेबलापाशी आली होती. ती म्हणाली की त्यांनी बरोबर बघितलं होतं. ते थांबतच होते. मीच म्हटलं, हिरवा आहे, सोडा. या गॉगलमधून मला धड दिसत नाही आणि मध्ये बोलायची खोड जात नाही. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. माझं नसेल तर माझं तपासा.

बेबी म्हणाली की मी समोर होते, मला तर काही ऐकू आलं नाही. हळू म्हटलं, आई म्हणाली. सूनबाईने लिहून घेतलं. डॉक्टर भिंतीकडे बघत राहिले, कारण खोटं इतकं सफाईने बोललेलं त्यांनी खुर्चीत झोपलेल्या पेशंटांकडूनही ऐकलं नव्हतं, आणि ते सगळे रोज दोनदा दात घासतो म्हणून सांगतात.

थोरल्याला या खोट्याने बरं वाटायला हवं होतं. बाप शहाणा निघाला होता. पण त्याने चार तास राबून बसवलेल्या सिग्नलांचा पहिल्याच दिवशी निकाल लागला होता, पितळी इंजिन मोडलं होतं, आणि आता त्याला रागवायला हक्काचं माणूस सापडलं.

"वा, आई," तो म्हणाला. "आधी त्यांची खरी रेल्वे घालवलीस. आता हीसुद्धा?"

या घरात ही गोष्ट हजार वेळा थट्टेने सांगितली गेली होती. आज पहिल्यांदा ती थट्टेशिवाय बोलली गेली. आईने तोंड उघडलं, बहुतेक तेच नेहमीचं 'हो रे बाबा' म्हणायला. पण ते बाहेर आलं नाही. तिची हनुवटी हलली. काळ्या गॉगलमुळे बाकी काही दिसलं नाही.

"तिने नाही घालवली," बाबा बाकावरून म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा उठले आणि सर्वांत जवळच्या सिग्नलपाशी गेले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"आत्ता हा कुठला आहे?"

"लाल," बेबी म्हणाली.

"असेल. मला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही. कधीच दिसला नाही. रेल्वेने मला घेतलं नाही. दोन दिवे दाखवले आणि घरी पाठवलं. मी हिच्या घरी जाऊन वेगळं सांगितलं. पुढे भावाने ती गोष्ट लांबवली आणि मी ती थांबवली नाही." त्यांनी बोट काचेवरून काढलं. "आज तिने काही म्हटलं नाही. मी अंदाजाने सोडली."

सूनबाईचं पेन थांबलं, मग तिने हळूच विचारलं की हे नोंदवायचं का. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तिने नोंदवलं. थोरला आपल्या नऊ सिग्नलांकडे पाळीपाळीने बघत राहिला. बेबीची नजर लाल डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. तिच्या लेखाला बक्षीस मिळालं होतं.

डॉक्टरांना वाटलं की आता सासूबाई मोकळ्या झाल्या. बावन्न वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं सगळ्यांदेखत उतरलं. बेबीलाही तेच वाटलं असावं. ती पुढे आली आणि आईचा हात धरून रडत म्हणाली, "म्हणजे तुझ्यामुळे नव्हतं गं. आम्ही उगाच तुला..."

आईने हात काढून घेतला.

"झालं समाधान?" ती म्हणाली, पण मुलीला नव्हे. ती बाबांकडे बघत होती. "मी सांभाळत होते ना सगळं? मग कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तो तुला वाट्टेल ते बोलला," बाबा म्हणाले.

"बोलू दे की. बावन्न वर्षं बोलतायत, मला काय झालं?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "माझ्यासाठी एका माणसाने रेल्वे सोडली होती. शेजारणी, बहिणी, जावा, सगळ्या ऐकायच्या. त्यांच्या नवऱ्यांनी त्यांच्यासाठी कुणी साधा पत्त्यांचा डाव सोडला नव्हता. खोटं आहे हे मला चौथ्या दिवसापासून माहीत होतं. पण आपलं होतं ते. आता काय उरलं? रेल्वेने घेतलं नाही म्हणून माझ्याकडे आलात."

बाबांना चौथ्या दिवसाचं ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्या चिठ्ठ्या इतकी वर्षं ते कशा वाचत होते हेही. आपल्याला लागतं म्हणून ती लिहिते, का लागतं ते तिला कळलेलं नाही, असं त्यांनी धरलं होतं. ते तिच्या स्टुलावर बसले. थोरल्याने खिशातला बिल्ला मुठीत धरला आणि मूठ पाठीमागे नेली.

"डोळे धड असते," बाबा म्हणाले, "तरी सोडली असती."

आईने काळा गॉगल काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस काढू नका म्हणून बजावलं होतं. तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेल्या रुळांकडे पाहिलं, दोन स्टेशनांकडे, पुलांकडे, बोगद्यांकडे, सहापट पळायला शिकवलेल्या घड्याळाकडे, आणि मग नवऱ्याकडे.

"खोटं बोलताय," ती म्हणाली.

"हो."

"असू दे. तेच सांगत जा."